आशीर्वादाचं मीठ

सुताराने चर्चची पायरी चढायचं सोडलं त्याला एकोणीस वर्षं झाली होती, आणि त्या एकोणीस वर्षांत त्याला परत नेण्यासाठी सुतारणीने करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. एक गोष्ट सोडून. ती कोणती, हे तिला फार उशिरा कळलं.

तेव्हा चर्चची घंटा दोरीने वाजायची आणि वेदीची कापडं कोळशाच्या इस्त्रीने इस्त्री व्हायची. ती इस्त्री सुतारीणच करायची. वेदीमागच्या लहान खोलीत एक लांब टेबल होतं. तिथे सोमवार ते शनिवार, दुपारच्या जेवणानंतर, ती पांढऱ्या कापडांच्या घड्या घालत उभी असायची. टेबलाच्या वरच्या फळीवर पवित्र पाण्याच्या बाटल्या, मेणबत्त्यांची खोकी, संतांच्या छोट्या पदकांचा डबा, गळ्यात घालायच्या तपकिरी कापडी पट्ट्या, सगळं तिच्या हाताशी. फादरांनी प्रार्थना म्हणून आशीर्वाद दिलेल्या या वस्तू लोक घरी न्यायचे. पाणी उंबऱ्यावर शिंपडायचे, मेणबत्ती आजाऱ्याच्या उशाशी लावायचे. सुतारीणही न्यायची. बाकीचे एखादी नेत, ती मात्र डबाच्या डबा रिकामा करी.

पहिल्या वर्षी तिने सुताराच्या बनियनच्या शिवणीत पदक शिवलं. तो रंधा मारायला वाकला की ते बरगडीला टोचायचं. चौथ्या दिवशी त्याने पटाशीने शिवण उसवली, पदक काढलं आणि काही न बोलता तिच्या शिवणाच्या डब्यात नेऊन टाकलं. मग तिने कापडी पट्टी गादीखाली सरकवली. मग पवित्र पाणी. तो दुपारी डोळा लागून पडला की ही बोटं बुडवून शिंपडायची. एकदा चार थेंब जास्त पडले.

"छत गळतंय का गं?" तो डोळे न उघडता म्हणाला.

"नाही हो."

"मग तू गळतेयस."

लेकीला हे सगळं पाठ होतं. लेक नर्स होती, दोन गल्ल्या पलीकडे राहायची, आणि तिच्या जिभेला धार बापाच्या पटाशीची होती. "आई, बाबांच्या अंगावर आता एवढ्या आशीर्वादाच्या वस्तू लावून झाल्यात," ती म्हणायची, "की त्यांनाच वेदीवर ठेवलं तरी चालेल."

सुतारीण हसायची नाही. तिला एकच धास्ती होती. सुताराचं हृदय पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. फादरांपुढे पापनिवेदन नाही, मिस्सेच्या प्रार्थनेतली पवित्र भाकर, कम्युनियन, नाही, आणि असाच एखाद्या दिवशी रंधा हातात धरून गेला तर? वर गेल्यावर तो एकीकडे आणि आपण दुसरीकडे, हा विचार आला की तिच्या हातातली इस्त्री कापडावर थांबायची. असे दोन रुमाल तिने जाळले होते.

त्या एकोणिसाव्या वर्षी सुताराला दुकानातच चक्कर आली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्तदाब बघितला, पायावर बोट दाबून खळगा किती वेळ राहतो ते पाहिलं, आणि सांगितलं, "मीठ बंद. कमी नव्हे, बंद. आणि महिनाभर अंथरुणातून उठायचं नाही."

सुताराने पलंगावर बस्तान मांडलं. लेक रोज संध्याकाळी ड्यूटीवरून परत येताना रक्तदाबाची पेटी घेऊन यायची. पाऱ्याची पेटी ती. झाकण उघडलं की आत काचेची नळी उभी राहायची. ती पट्टा गुंडाळायची, फुगा दाबायची, कानाला नळ्या लावून खाली मान घालून ऐकायची आणि वहीत आकडा लिहायची. पहिल्या आठवड्यात आकडा हळूहळू उतरला. लेक खूश झाली.

आणि त्याच आठवड्यात सुतारणीच्या मनात मिठाचं आलं.

दर महिन्याला फादर मोठ्या पिंपातल्या पाण्याला आशीर्वाद देत. त्याआधी एका बशीतल्या मिठावर प्रार्थना म्हणत आणि चिमूटभर मीठ पाण्यात सोडत. बशी धरायला सुतारीणच असायची. उरलेलं मीठ तीच पुड्या बांधून ठेवायची. ती प्रार्थना तिने शेकडो वेळा ऐकली होती, पण कापडांच्या घड्यांच्या नादात ऐकली होती. त्या दिवशी तिचे कान उघडले. जो कोणी हे घेईल त्याच्या मनाला आणि शरीराला आरोग्य लाभो, असं फादर म्हणत होते. घेईल! म्हणजे हे पोटात घ्यायचं असतं. मन आणि शरीर, दोन्ही. आणि आपण वेड्यासारखं एकोणीस वर्षं सगळं बाहेरून लावत बसलो! बनियनला, गादीला, कपाळाला. माणूस बाहेरून ओला करून काय उपयोग?

डॉक्टरीणबाईंचं बोलणं तिच्या लक्षात नव्हतं असं नाही. पण डॉक्टरीणबाईंनी बंद केलं ते दुकानातलं मीठ. हे वेगळं. ज्या मिठावर मन आणि शरीराच्या आरोग्याची प्रार्थना झाली, ते शरीराला बाधेल कसं? तिला ते इतकं सरळ वाटलं की कोणाला विचारावं हेही सुचलं नाही.

तिने पुड्या घरी आणल्या आणि पहिल्या दिवशी भाजीच्या सुपात एक चिमूट टाकली. टाकताना क्रुसाची खूण केली. सुताराने पहिला चमचा तोंडात घेतला, क्षणभर थांबला, तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीचा पडदा सारखा करायला लागली. त्याने सूप संपवलं, वाडगं पुसून घेतलं आणि म्हणाला, "आज बरं झालंय."

एवढं बोलला तो! त्या माणसाने जेवणाला बरं म्हणून किती महिने झाले होते. सुतारणीला वाटलं, लागू पडतंय.

पण पुढे काही होईना. रविवारची घंटा झाली की तो कूस बदलून भिंतीकडे तोंड करायचा, तसाच करत राहिला. तिने मोठ्याने जपमाळ म्हणून पाहिली. तो म्हणाला, "हळू म्हण, त्याला ऐकू येतं." मग तिने दोन चिमटी टाकल्या. मग तीन. उकडलेल्या बटाट्यात, अंड्यात, भाताच्या पेजेत. चिमटीने भागेना तेव्हा चहाचा चमचा आला. गोळीचा गुण आला नाही की डॉक्टरीणबाई गोळी वाढवतात, मग आपण का नाही, असा तिचा हिशेब. आणि गंमत अशी की त्याच वेळी पलीकडून डॉक्टरीणबाईही गोळ्या वाढवत होत्या, कारण वहीतला आकडा पुन्हा चढायला लागला होता.

"असं कसं होतं?" लेक पारा बघत पुटपुटायची. "मीठ बंद, गोळ्या दुप्पट, माणूस दिवसभर आडवा, आणि दाब वर! बाबा, तुम्ही चोरून काही खाता का?"

"मला पलंगावरून उतरू देता का तुम्ही? चोरी करायला पाय लागतात," सुतार म्हणाला.

तिसऱ्या आठवड्यात त्याच्या नाकातून रक्त आलं. भळभळ नाही, पण उशी भिजेल इतकं. सुतारीण ओली फडकी बदलत राहिली. एका हाताने फडकं, दुसऱ्या हाताने पवित्र पाण्याची बाटली. लेक धावत आली आणि त्याला इस्पितळात घेऊन गेली. तिथे चार दिवस ठेवलं. चौथ्या दिवशी आकडा शहाण्यासारखा खाली आला. घरी आणला. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा वर.

लेक पारा बघत बसली. वही चाळली. इस्पितळातले आकडे, घरचे आकडे. मग वही मिटून ती सरळ स्वयंपाकघरात गेली, बापासाठी झाकून ठेवलेल्या सुपात तिने चमचा बुडवला, आणि तोंडात घेतल्या घेतल्या घोट थुंकला.

"आई! हे सूप आहे की समुद्र?"

सुतारीण सुपावर झाकण ठेवायला लागली.

"आई, मी तुला विचारतेय. कोणी टाकलं?"

"साधं मीठ नाही ते," सुतारीण म्हणाली. "आशीर्वादाचं आहे."

लेकीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने चुलीवरच्या फळीवरून मिठाच्या सगळ्या पुड्या खाली ओढल्या. अकरा निघाल्या. सात रिकाम्या.

"मंतरलेलं मीठ घालतेस माणसाला? हृदयाच्या पेशंटला? तीन आठवडे?"

"मंतरलेलं म्हणू नकोस."

"मग काय म्हणू? विष म्हणू? तुला त्यांना स्वर्गात न्यायचं होतं ना? पोचवलंच होतंस जवळजवळ! मी तिकडे डॉक्टरीणबाईंसमोर शुंभासारखी उभी राहते, त्या मला विचारतात पथ्य नीट पाळता ना, मी म्हणते माझी आई पाळते, माझ्या आईसारखं कोणी पाळत नाही..." बोलता बोलता तिचा आवाज फाटला. ती पाटावर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली.

सुतारणीला वाटलं होतं लेक ओरडेल. रडेल असं वाटलं नव्हतं. तिने तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो लेकीने झटकला.

घर काही मोठं नव्हतं. मधली भिंत लाकडी होती, सुतारानेच बांधलेली, आणि आवाज आरपार जायचा. दोघी आत आल्या तेव्हा सुतार उठून बसला होता.

"बाबा, तुम्हाला चव कळत नव्हती?" लेकीने विचारलं.

"कळत होती."

"कधीपासून?"

"पहिल्या चमच्यापासून."

"मग बोलला का नाहीत?"

सुताराने उत्तर दिलं ते लेकीला नाही. बायकोकडे बघून म्हणाला, "मला वाटलं हिला माझी कीव आली. म्हातारा अळणी खाऊन कंटाळला म्हणून लेकीची नजर चुकवून चिमूटभर टाकते. म्हटलं, करतेय माझ्यासाठी, बोलून कशाला पकडून द्या." तो थांबला. "माझ्यासाठी नव्हतंच ते."

"तुमच्यासाठीच होतं हो," सुतारीण म्हणाली.

"नाही. ते माझ्यावर होतं. कीड लागलेल्या लाकडावर औषध मारतात तसं."

त्या दिवसापासून त्याने तिच्या हातचं खाणं सोडलं. लेक सकाळी डबा आणून द्यायची, तोच तो दोन्ही वेळा खायचा, गार झाला तरी. सुतारीण ताट घेऊन यायची आणि ताट घेऊन परत जायची. रागावला असता, आदळआपट केली असती तर तिला चाललं असतं. तो नुसता म्हणायचा, "नको, आहे."

आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी तिने इस्त्री थंड होऊ दिली आणि फादरांच्या कचेरीत शिरली.

हे फादर नवे होते. वय पस्तिशीचं, बारा महिने सर्दी, आणि टेबलावर कागदांचा डोंगर. त्यांनी नाक पुसत तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. तिने उभ्यानेच सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "आता मला सांगा, तुमच्या आशीर्वादात खोट आहे की माझ्या श्रद्धेत? एकोणीस वर्षं मी यातलं सगळं वापरलं. पाणी, पदक, पट्टी, मेणबत्ती, मीठ. एक तरी लागू पडायला नको?"

फादरांनी चष्मा काढला. "बाई, मला अगदी हेच ऐकायची सवय झालीय. परवा एकजण पवित्र पाणी मोटारीच्या रेडिएटरमध्ये ओतून आला. गाडी बंद पडली म्हणून माझ्याशी भांडला. एक बाई परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलाच्या पुस्तकांवर पाणी मारतात, पुस्तकाची पानं चिकटली म्हणून तक्रार घेऊन येतात. मिस्सेला ये म्हटलं की कोणाला वेळ नसतो, बाटली भरायला मात्र रांग. मी काय औषधांचं दुकान काढलंय?"

"म्हणजे त्यात काहीच नसतं?"

"असं कुठे म्हटलं मी?" फादर चिडले. "असतं. त्या मिठावर सगळी ख्रिस्तसभा प्रार्थना करते, ती काय वाऱ्यावर जाते? पण ती वस्तू गोळी नव्हे. गोळी माणसाला न विचारता रक्तात जाते. आशीर्वाद तसा घुसत नाही. जो विश्वासाने हातात घेतो त्याचं मन तो मऊ करतो, कृपा घ्यायला तयार करतो. मीठ कोणाच्या हातात होतं?"

"माझ्या."

"मग?"

"मग काय?"

"मग तयार कोण व्हायला हवं होतं?"

सुतारणीला हे आवडलं नाही. आपण नवऱ्याची तक्रार घेऊन यावं आणि समोरच्याने आपलीच नाडी धरावी, तसं झालं. ती म्हणाली, "माझं काही अडलेलं नाही. मी रोज मिस्सेला असते."

"बरं. मला एक सांगा. तुम्ही त्यांना विचारलंत?"

"काय?"

"की चला, येता का? किंवा का येत नाही?"

"त्यात विचारायचं काय? त्यांना माहीत आहे मला काय हवंय."

"एकोणीस वर्षांत एकदाही नाही?"

बनियनच्या शिवणीपासून सुपाच्या वाडग्यापर्यंत सुतारीण मनातल्या मनात फिरून आली. कुठेही ते नव्हतं.

"जाऊन विचारा," फादर म्हणाले आणि शिंकले.

"एवढं सांगायला तुम्ही इतकी वर्षं धर्मशास्त्र शिकलात होय?" ती म्हणाली आणि दार आपटून बाहेर पडली. रस्ताभर ती स्वतःशी चरफडत होती. विचारा म्हणे! हे काय भाव विचारण्याइतकं सोपं आहे?

घरी सुतार खिडकीशी बसला होता. गुडघ्यावर गार डबा. ती समोर उभी राहिली. पदराला हात पुसले, पुसायला काही नसताना.

"अहो, तुम्ही चर्चला का येत नाही?"

सुताराने डब्याचं झाकण लावलं. "आज आठवलं विचारायचं?"

"आज विचारतेय."

"तुला माहीत नाही?"

माहीत होतं आणि नव्हतंही. एकोणीस वर्षांपूर्वी चर्चमध्ये नवे बाक बसवायचे होते. काम सुताराकडे होतं. त्या वेळचे फादर, जे आता हयात नाहीत, एका रविवारी वेदीवरून म्हणाले होते की बाकांच्या लाकडातल्या चार फळ्या कमी भरल्या आहेत, आणि ज्याच्या घरी नवा पलंग आला असेल त्याने स्वतःच्या मनाला विचारावं. नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरज नव्हती, सगळ्यांच्या माना एकाच बाकाकडे वळल्या होत्या. सुतार उठून निघून गेला. तो गेला तो गेला.

"फादर बोलले म्हणून," ती म्हणाली.

"फादर बोलले ते मी दुसऱ्या दिवशीच विसरलो असतो. भांडलो असतो, फळ्या मोजून दाखवल्या असत्या, मिटलं असतं." सुतार खिडकीबाहेर बघत होता. "मी दारापर्यंत गेलो आणि मागे वळून पाहिलं. वाटलं, तू उठली असशील. तू पुस्तकात मान घालून बसली होतीस. मी बाहेर थांबलो. पायरीवर. गाणं झालं, घंटा झाली. दाराच्या फटीतून बघतो तर तू कम्युनियनच्या रांगेत. हात जोडून."

"दोघंही उठलो असतो तर लोक म्हणाले असते खरंच आहे."

"हे तू तेव्हा म्हणायचंस. घरी आल्यावर. तू काय म्हणालीस आठवतं?"

तिला आठवत नव्हतं.

"म्हणालीस, जेवायला वाढू का." तो आता तिच्याकडे वळला. "फळ्या कुठल्या, हे तू कधी विचारलंस? माझ्या घरात, माझ्या पलंगावर एकोणीस वर्षं झोपलीस. एकदा तरी विचारलंस, अहो, ही लाकडं कुठली?"

ती उभी होती तिथून हलली नाही. तिने विचारलं नव्हतं, कारण उत्तराची भीती होती. तिला वाटत होतं, असेल. चार फळ्याच त्या, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी नीट पलंग नव्हता, माणसाचा मोह झाला असेल. तिने मनातल्या मनात त्याला चोर ठरवून, मनातल्या मनात क्षमा करून, मग देवाकडून क्षमा मिळवून द्यायचा विडा उचलला होता. बनियनला शिवलेलं पदक त्या चोरासाठी होतं. पाणी त्या चोरावर शिंपडलं होतं.

"कुठली होती?" तिने विचारलं.

"पलीकडच्या रस्त्यावरचं जुनं गोदाम पाडलं, त्याची दारं. मजुरीऐवजी घेतली मी. डाव्या बाजूच्या पट्टीवर अजून कडीचं भोक आहे. बुजवलंय, पण हात फिरवला की लागतं. एकोणीस वर्षांत हात फिरवला नाहीस."

ती खाली बसली. तिला रडू आलं नाही. तिला स्वतःचाच इतका संताप आला की दात करकरले. एवढी कापडं इस्त्री केली, एवढ्या सुरकुत्या काढल्या!

"माझं चुकलं," ती म्हणाली. "मी तुम्हाला चोर समजले."

"हं."

"हं काय? शिव्या द्या."

"अंगात दम नाही. डॉक्टरीणबाईंनी रागावायला बंदी केलीय. मीठ बंद, राग बंद. जगायचं कशावर?"

मग तिने पुन्हा विचारलं. या वेळी तिने उभं राहून, हात पुसून विचारलं नाही. जमिनीवर बसूनच म्हणाली, "पापनिवेदन कराल का? फादरांना घरी बोलावते."

"कशाचं? न चोरलेल्या फळ्यांचं?"

"तुम्ही काही म्हणत नसाल तर नको. मी फक्त विचारतेय."

सुताराने डबा उघडला, आत पाहिलं, पुन्हा बंद केला. "बोलाव त्या नव्या पोराला. पण आधी तो माझं ऐकेल. फळी न् फळी सांगणार मी त्याला. चर्चच्या वेदीवरून माझ्यावर आरोप झाला, चर्चच्या माणसाने बसून ऐकायला हवं. पुढचं पुढे बघू. आणि तू आत यायचं नाहीस."

फादर गुरुवारी चार वाजता आले, रुमाल नाकाला लावून. सुतारणीने खुर्ची पलंगाजवळ सरकवली, पाण्याचा पेला ठेवला. मग ती दारातच घुटमळली.

"बाहेर," सुतार म्हणाला.

तिने दार ओढून घेतलं. लेक स्वयंपाकघरात डबा घासत होती. त्या प्रसंगानंतर ती आईशी कामापुरतंच बोलायची, पण आज तिला राहवेना. "काय चाललंय आत?"

"फळ्या."

खरंच फळ्या चालल्या होत्या. सुताराचा आवाज लाकडी भिंतीतून स्पष्ट येत होता. गोदामाचं दार किती हात लांब, त्यातून किती तुकडे निघाले, बाकांना किती लागले, कोणती फळी फाटलेली आली म्हणून परत पाठवली. मधून मधून फादरांची शिंक. अर्धा तास झाला. "हे पोर झोपणार," लेक म्हणाली.

पाऊण तासाने फादर बाहेर आले. सुतारणीने त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं.

"झालं का, फादर?"

"पुढच्या गुरुवारी येतो."

"अहो, पण पापनिवेदन झालं का?"

"बाई, आत जे काही बोलणं होतं ते माझ्याकडून बाहेर यायचं नाही. फळ्यांचंसुद्धा नाही."

"एवढं तरी सांगा, करतील ना?"

"त्यांना विचारा," फादर म्हणाले, आणि आपण काय बोलून बसलो हे लक्षात येताच घाईने पुढे म्हणाले, "नाही, हे मात्र विचारू नका."

एकोणीस वर्षं विचारायचं ते विचारलं नाही, आणि आता विचारावंसं वाटतंय तर विचारायचं नाही. सुतारणीला वाटलं, आपलं डोकं भिंतीवर आपटावं. आत गेली तर सुतार म्हणाला, "त्याला लाकडातलं काही कळत नाही. पण ऐकतो." बस्स, एवढंच.

दुसऱ्या गुरुवारी फादर पुन्हा आले. दार पुन्हा बंद झालं. सुतारीण दाराबाहेर स्टुलावर बसली, कान टवकारून. लेक ड्यूटीवर होती, घरात आणखी कोणी नव्हतं. सुरुवातीला पुन्हा तेच, गोदाम, बिजागऱ्या, परत पाठवलेली फळी. मग तो काहीतरी म्हणाला आणि थांबला. फादरांनी काहीतरी विचारलं. मग सुताराचा आवाज पुन्हा सुरू झाला, पण खाली, अगदी खाली. त्या आवाजात तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. शब्द कळत नव्हते. आणखी थोडं पुढे झुकलं असतं, कान लाकडाला लावला असता, तर कळले असते.

ती झुकली. तिचा हात भिंतीवर टेकला. मग तिने तो काढला, स्टूल उचललं आणि परसदारी गेली. तिथेही आवाजाची गुणगुण येत होती, म्हणून अंगण ओलांडून कुंपणापर्यंत गेली आणि तिथे स्टूल ठेवून, घराकडे पाठ करून बसली.

लेक ड्यूटीवरून येताना तिला तिथे दिसली. "आई, उन्हात काय बसलीस? काय झालं? काय चाललंय आत?"

"मला काय ठाऊक!" सुतारीण खेकसली. "मला कोण सांगतंय? आणि आत जाऊ नकोस, सांगून ठेवते. तूही इथेच थांब."